ज्येष्ठागौरी वेगळ्या बसवायच्या असतील तर: व्रताचा अर्थ आणि तीन दिवसांची रीत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सासूबाईंच्या पश्चात गौरींचे मुखवटे थोरल्या जाऊबाईंकडे राहिले, पुढे चुली वेगळ्या झाल्या, आणि आता दोन खोल्यांच्या घरात आपल्यालाही गौरी बसवण्याची इच्छा आहे. नवे मुखवटे आणावेत का, सोळा भाज्या झाल्याच पाहिजेत का, दर वर्षी दिवस आणि वेळ का बदलते, आणि मुळात या दोघी कोण, हे आपण विचारले आहे. 'काही कमीजास्त झाले तर गौरींचा कोप होतो' असे कोणीतरी सांगितल्याचेही आपण लिहिले आहे. पौरोहित्य करताना भाद्रपदात हे सारे प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी दिवसांचे पाहू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. आपले बहुतेक सण तिथीवर चालतात, पण हे व्रत नक्षत्रावर चालते. भाद्रपद शुक्ल पक्षात चंद्र अनुराधा नक्षत्रात असताना आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रात पूजन आणि मूळ नक्षत्रात विसर्जन, असा निबंधग्रंथांचा, म्हणजे धर्मशास्त्राचे नियम एकत्र करणाऱ्या ग्रंथांचा, स्पष्ट निर्णय आहे. एक नक्षत्र म्हणजे राशिचक्राचे १३ अंश २० कला. चंद्राची गती सारखी नसल्यामुळे तेवढे अंतर कापायला त्याला कधी २१ तास लागतात, तर कधी २७. त्यामुळे नक्षत्र पहाटे लागू शकते तसे भर दुपारीही लागू शकते, आणि पंचांगात दर वर्षी निराळी वेळ छापलेली दिसते.

गणपतीनंतर कितव्या दिवशी गौरी येणार, हेही यामुळेच बदलते. २०२३ साली गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती आणि गौरी २१ तारखेला, म्हणजे तिसऱ्याच दिवशी आल्या. २०२४ साली चतुर्थी ७ सप्टेंबरला आणि आवाहन १० तारखेला झाले. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला होती, पण आवाहनासाठी ३१ तारीख उजाडावी लागली. तिथी ही सूर्यापासून चंद्र किती पुढे गेला यावर ठरते आणि नक्षत्र हे चंद्र आकाशात प्रत्यक्ष कुठे आहे यावर. अधिक श्रावण आल्यामुळे २०२३ चा भाद्रपद उशिरा लागला. सूर्य तोवर पुष्कळ पुढे सरकला होता आणि त्यामुळे चतुर्थीचा चंद्रही अनुराधेच्या जवळ पोहोचलेला होता. भाद्रपद लवकर आला की चंद्राला तिथे जायला जास्त दिवस लागतात. 'गौरी सप्तमीलाच येतात' असे जे सरसकट सांगितले जाते, ते म्हणूनच धरून चालू नये. ढग नसतील तर गौरीपूजनाच्या संध्याकाळी गच्चीवरून नैऋत्येकडे अवश्य पाहावे. जवळजवळ अर्ध्या चंद्राच्या आसपास जो तांबूस ठळक तारा दिसतो, तीच ज्येष्ठा. तिच्या खाली डावीकडे विंचवाच्या नांगीसारखी वळलेली ताऱ्यांची ओळ म्हणजे मूळ.

व्यवहारात एवढे सांभाळावे की अनुराधा नक्षत्र संपण्यापूर्वी गौरी घरात याव्यात आणि मूळ नक्षत्र असेपर्यंत उत्तरपूजा होऊन, अक्षता वाहून त्या जागेवरून हलवाव्यात. प्रत्यक्ष पाण्यापर्यंत जायला त्यानंतर उशीर झाला तरी अडत नाही. त्या मुदतीच्या आत पुन्हा राहुकाळ, चौघडिया असे गाळत बसण्याची गरज मला वाटत नाही. नक्षत्र हाच या व्रताचा मुहूर्त आहे.

आता या दोघी कोण? पुराणातली कथा अशी की असुरांच्या त्रासाने गांजलेल्या स्त्रिया महालक्ष्मी गौरीला शरण गेल्या, तिने भाद्रपद शुक्ल पक्षात असुरांचा संहार केला आणि त्यांचे सौभाग्य राखले. म्हणून हे व्रत. पण घरोघरची समजूत एवढी सरळ नाही. कोणी गौरीला पार्वती, म्हणजे गणपतीची आई मानतात आणि कोणी गणपतीची बहीण. मराठवाड्यात आणि विदर्भात तर 'गौरी' हा शब्द मागे पडून 'महालक्ष्म्या' येतात, आणि त्यांच्यासोबत त्यांची बाळेही, एक मुलगा आणि एक मुलगी, बसवली जातात. ज्येष्ठा म्हणजे समुद्रमंथनातून लक्ष्मीच्या आधी निघालेली तिची थोरली बहीण, अलक्ष्मी, असाही एक प्रवाह पुराणांत आहे. दक्षिणेत या ज्येष्ठादेवीच्या जुन्या मूर्ती आहेत, कांचीपुरमच्या कैलासनाथ मंदिरातही तिचे शिल्प आहे. धाकटीबरोबर थोरलीचाही मान राखला जातो, अशी मांडणी काही अभ्यासक करतात. ती विचार करण्याजोगी आहे, पण आपल्या घरांतून जिची ओटी भरली जाते तिच्याकडे अलक्ष्मी म्हणून कोणी पाहत नाही, आणि पूजेच्या संकल्पातही तसा उच्चार नसतो. माझ्या मते पार्वती, लक्ष्मी आणि शेतातून घरात येणारी धान्यलक्ष्मी या तिन्ही कल्पना इथे एकमेकींत मिसळल्या आहेत, आणि त्यांची फोड करत बसल्याने पूजेत काही भर पडत नाही.

व्रताचा खरा गाभा समजून घ्यायचा असेल तर कहाणी नीट ऐकावी. दरिद्री ब्राह्मणाची मुले शेजारच्या घरांतल्या गौरी पाहून आईकडे हट्ट धरतात. आई म्हणते, बाबांना बाजारातून सामान आणायला सांगा. घरात दमडी नसलेला बाप जीव द्यायला तळ्याकडे निघतो. वाटेत त्याला एक म्हातारी सवाष्ण भेटते, त्याची समजूत घालते आणि त्याच्याबरोबर घरी येते. बायको दिवा घेऊन दारात येते, पाहुणीसाठी आंबील करायला म्हणून मडक्यात कण्या पाहते, तर मडके भरलेले असते. दुसऱ्या दिवशी म्हातारी न्हाऊ घालायला सांगते, घावन-घाटले मागते. खुंट पुरून दावी बांधायला आणि संध्याकाळी गाईम्हशींना नावाने हाका मारायला सांगते, आणि गोठा भरतो. तिसऱ्या दिवशी खीर जेवून ती म्हणते, आता मला पोचती कर. निघताना ती वाळू देते आणि घरभर, मडक्यांवर, पेटीवर, गोठ्यात टाकायला सांगते.

या कहाणीत कुठेही सजावट नाही. दारात आलेल्या बाईला घरात घेणे, न्हाऊ घालणे, असेल ते जेवू घालणे आणि मानाने पोचवणे, एवढेच तीन दिवसांत घडते. षोडशोपचार पूजेचा क्रमही तोच आहे: आसन, पाय धुवायला पाणी, स्नान, वस्त्र, गंध, फूल, दीप, नैवेद्य, विडा. म्हणून गौरीच्या बाबतीत काहीही ठरवताना मी यजमानीणबाईंना एकच कसोटी सांगते, की माहेरवाशीण घरी आली असती तर आपण काय केले असते? आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, कहाणीतली गौर स्वतः जो विधी सांगून जाते, त्यात मुखवट्यांचा उल्लेखही नाही. तळ्याच्या पाळीवर जावे, दोन खडे घरी आणावेत, ऊन पाण्याने धुवावेत आणि ज्येष्ठागौर, कनिष्ठागौर म्हणून त्यांची पूजा करावी, असेच ती सांगते.

त्यामुळे खड्यांच्या गौरी म्हणजे काटकसरीची गौर, अशी जी एक समजूत शहरात ऐकू येते ती निराधार आहे. कोकणस्थांच्या बहुतेक घरांत आजही पाणवठ्यावरून पाच किंवा सात खडे आणले जातात. आणणारी मुलगी किंवा सून येताना बोलत नाही. कुठे कुठे तर तोंडात पाण्याची चूळ धरूनच चालत येते, म्हणजे बोलण्याचा प्रश्नच उरत नाही. कोकणातल्याच अनेक मराठा, कुणबी आणि भंडारी घरांत रानातून तेरड्याची रोपे मुळासकट आणून त्यांना साडी नेसवतात, वर मुखवटा किंवा चेहऱ्याचे चित्र लावतात. देशावर उभ्या मुखवट्यांच्या गौरी, कुठे सुगडांवर, कुठे धान्याने भरलेल्या डब्यांवर, तर कुठे पत्र्याच्या कोथळ्यांवर, म्हणजे पोकळ धडांवर. यांपैकी कोणतीही पद्धत दुसरीपेक्षा वरची किंवा खालची नाही. त्या त्या घराण्याचा तो कुळाचार आहे, आणि या व्रतात कुळाचाराला ग्रंथाइतकाच मान आहे.

आता आपल्या घराचे. चुली वेगळ्या झाल्यावर कुळधर्म वेगळे करता येतात, याला शास्त्राची आडकाठी नाही. पण ते केलेच पाहिजेत असेही नाही. पुष्कळ कुटुंबांत मुखवटे थोरल्या घरी राहतात आणि धाकट्या सुना पूजनाच्या दिवशी तिथे जाऊन ओटी भरतात, नैवेद्याला हातभार लावतात. काही घरांत आळीपाळीने गौरी बसतात. मला ही दुसरी रीत फार आवडते, कारण निदान त्या तीन दिवसांत तरी सगळे एका पंगतीला बसतात. तेव्हा प्रथम जाऊबाईंशी बोलावे. जोडीतला एक मुखवटा आपण न्यावा आणि एक त्यांच्याकडे राहावा, ही वाटणी मात्र कधीही करू नये. गौरींची जोड फोडत नाहीत. आपल्याकडे स्वतंत्र बसवायचे ठरलेच, तर सासरच्या पद्धतीप्रमाणे नवी जोड आणावी. जागा फारच अपुरी असेल तर खड्यांच्या गौरी बसवाव्यात. मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आणि एकदा ठरवल्यावर पुढे तीच रीत चालू ठेवावी. नवे मुखवटे घेणार असाल तर पितळी घ्यावेत. शाडूचे दिसायला देखणे असतात, पण माळ्यावरच्या दमटपणात त्यांचा रंग नाकाच्या शेंड्यापासून उडायला लागतो. उंचीची हौस आवरावी; छोट्या पाटावर बसलेल्या गौरीही गौरीच.

आवाहनाच्या दिवशी धड आधीच उभे करून साडी नेसवून ठेवावी. निऱ्या आणि पदर पिनांनी बसवायला तास दीड तास सहज जातो, आणि तो नक्षत्र संपत आल्यावर काढणे फार जिकिरीचे होते. मुखवटे मात्र वेळ झाल्यावरच तुळशीपासून किंवा घराच्या दारापासून आत आणायचे असतात. उंबऱ्यापासून गौरीच्या जागेपर्यंत रांगोळीची किंवा हळदीकुंकवाची पावले काढावीत. जिच्या हातात गौरी आहेत तिच्या पायांवर दारातच दूध-पाणी घालून कुंकू लावावे, घास-तुकडा ओवाळून टाकावा आणि मग घंटा किंवा ताट-चमचा वाजवत आत यावे. वाटेत थांबून घर दाखवायचे असते. 'गौर आली, कशाच्या पावली?' असे एकीने विचारायचे, 'सोन्यारुप्याच्या पावली' असे दुसरीने म्हणायचे. स्वयंपाकघर, धान्याचे डबे, कपाट, देवघर असे करत पुढे जायचे. दोन खोल्यांत हा फेरा दोन मिनिटांत संपतो हे खरे, पण तो गाळू नये. मुलांना या सणातले नेमके हेच आठवते, आणि आजकाल पुस्तकांचे कपाट किंवा अभ्यासाचे टेबलही गौरीला दाखवणारी घरे मी पाहते, त्यात मला काही वावगे वाटत नाही. त्या संध्याकाळचा नैवेद्य मुद्दाम साधा, भाजी-भाकरीचा असतो; प्रवासातून आलेल्या बाईला पहिल्या रात्री पक्वान्नांचे ताट वाढत नाहीत.

पूजनाचा दिवस मोठा. सकाळी पूजा, आघाडा, दूर्वा, पत्री, फुले, समोर धान्याच्या राशी, वर फुलोरा, दुपारी पुरणपोळीचा नैवेद्य, सवाष्ण जेवायला आणि संध्याकाळी हळदीकुंकू. सोळा पदरी सुताचा दोरा हळदीत भिजवून, सोळा गाठी मारून गौरीपुढे ठेवतात. तो नंतर घरातल्या बायका गळ्यात किंवा हातात बांधतात आणि घरच्या रीतीने ठरलेल्या तिथीपर्यंत ठेवतात. सोळा हा आकडा इथे सगळीकडे डोकावतो: सोळा पदर, सोळा दिवे, सोळा भाज्या, कुठे सोळा कोशिंबिरीसुद्धा. पदर आणि गाठी सोळा कराव्यात, कारण त्याला कष्ट पडत नाहीत. भाज्यांच्या बाबतीत मात्र सोळा प्रकारांच्या थोड्या थोड्या फोडी एकत्र करून एकच मिश्र भाजी करण्याची पद्धत जुनी आणि मान्य आहे. ज्या घरात दोघेही नोकरी करतात, त्या घरातल्या बाईने सोळा कढया मांडून दुपारी चार वाजता थकून नैवेद्य दाखवावा, अशी कोणत्याही ग्रंथाची अपेक्षा नाही. पुरण, वरणभात, एक भाजी, कढी किंवा आंबील आणि कोशिंबीर एवढ्यात नैवेद्य पूर्ण होतो. विदर्भातल्या घरांत ज्वारीच्या आंबिलीशिवाय महालक्ष्म्या जेवत नाहीत आणि कोकणात घावन-घाटल्याशिवाय. त्यामुळे आपल्या सासरी जो एक पदार्थ अडून बसतो तो तेवढा चुकवू नये.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण तिच्यावरून उगीच वाद होतात. कोकणातल्या आणि मुंबई परिसरातल्या काही समाजांत गौरीला सामिष, तिखटाचा नैवेद्य असतो, आणि तो दाखवताना गणपतीपुढे पडदा ओढतात. ती त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. ज्यांच्या घरी ती नाही त्यांनी करू नये, आणि ज्यांच्या घरी आहे त्यांना कोणी शुद्धाशुद्धतेचे धडे देऊ नयेत. कोकणातच ओवशाची प्रथा आहे. लग्नानंतर सूर्य पूर्वा नक्षत्रात असताना, म्हणजे साधारण ३० ऑगस्ट ते १३ सप्टेंबर या काळात, गौरी आल्या की नवी सून सुपांत पाने, फळे, भाज्या, सुका मेवा भरून गौरीसमोर ओवसते, आणि मग ती सुपे घरातल्या वडीलधाऱ्यांना देऊन त्यांच्याकडून ओवाळणी घेते. नक्षत्र जुळेपर्यंत कधी कधी नव्या सुनेला एखाद दुसरे वर्ष थांबावेही लागते.

तिसऱ्या दिवशी खिरीचा किंवा दहीभाताचा नैवेद्य, मुरडीचे कानवले, ओटी आणि निरोप. खडे आणि तेरडा पाण्यात विसर्जित करतात. मुखवटे विसर्जित करत नाहीत. अक्षता वाहून, 'पुनरागमनाय च' म्हणून जागेवरून हलवले की विसर्जन झाले. ज्यांचा गणपती गौरींबरोबर जातो, त्यांनी दोघांची उत्तरपूजा एकामागून एक करावी. ज्यांचा गणपती दीड दिवसाचा किंवा दहा दिवसांचा आहे, त्यांनी आपापली रीत पाळावी, दोन्हींची सांगड घालणे बंधनकारक नाही. पाण्यावरून परतताना थोडी वाळू आणून घरभर आणि धान्याच्या डब्यांवर टाकतात, ती कहाणीतल्या म्हातारीने दिलेलीच वाळू. शहरात हौदात विसर्जन करणाऱ्यांनी कुंडीतली चिमूटभर माती घेतली तरी चालते. राशीतले धान्य तसेच ठेवून किडे होऊ देण्यापेक्षा रोजच्या स्वयंपाकात वापरावे, आणि त्यातले पसाभर कोणा गरजूला द्यावे. साड्या घरातल्या बायकांनी नेसाव्यात. सवाष्णीला दिल्या तर उत्तमच.

राहता राहिली कोपाची धास्ती. घरात सोयर किंवा सुतक असेल तर बहुतेक घरांत त्या वर्षी गौरी बसवत नाहीत आणि पुढच्या वर्षी नेहमीप्रमाणे बसवतात. मधल्या एका वर्षाचे कोणतेही प्रायश्चित्त नाही. नैवेद्याला उशीर झाला, दिवा विझला, मुखवट्याच्या कानाचा टवका उडाला, यांपैकी कशानेही व्रत मोडत नाही. दिवा पुन्हा लावावा. मुखवटा भंगला असेल तर तो विसर्जित करून जोडीने नवे आणावेत. आपण चिठ्ठीच्या शेवटी, जरा संकोचाने, विचारले आहे की आपल्या आई आता एकट्या आहेत, तर त्यांनी गौरीची ओटी भरली तर चालेल का. जुनी रूढी सवाष्णीचाच आग्रह धरते, हे मी लपवत नाही. पण पूजेचा अधिकार श्रद्धेने येतो असे मी मानते, आणि मी जिथे पूजा सांगते तिथे अशा आईला, सासूला मी स्वतः पुढे बोलावते. घरातल्या कोणाला ते रुचणार नसेल तर आवाहनाच्या आधीच त्यांच्याशी बोलून घ्यावे. ऐन पूजेत, पाटावर बसलेल्या बाईला उठवण्याची वेळ कोणावरही येऊ देऊ नये. आपल्या आईंना पहिल्या दिवशीच बोलवावे, आणि पावले त्यांच्याच हातून काढून घ्यावीत.